धकाते मॅडमचा फळा

"सबनीसबाबू, चाबी!"

धकाते मॅडम आमच्या शाळेत आल्या तेव्हाचं हे पहिलं वाक्य. नमस्कार नाही, चमत्कार नाही. नंदनवनातल्या आमच्या मराठी शाळेत मुख्याध्यापिका म्हणून रुजू होऊन त्यांना दहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती. खुर्चीवर बसल्या नव्हत्या, हेल्मेट अजून काखेतच होतं आणि त्या माझ्या टेबलापुढे हात पसरून उभ्या.

"कशाची चाबी, मॅडम?"

"कम्प्युटरच्या खोलीची. मले सांगितलं का ते खोली तुमच्या ताब्यात आहे म्हणून."

मी शाळेचा मुख्य लिपिक. आमच्या घराण्यात राजेशाहीपासून लेखणी चालत आली. पूर्वजांनी सरदारांची दफ्तरं सांभाळली, मी हजेरीपत्रकं सांभाळतो. सांभाळणं रक्तातच आहे म्हणा ना! त्यामुळे शाळेला मिळालेले आठ कम्प्युटर मी कसे ठेवलेत हे दाखवायला मी मोठ्या ऐटीत निघालो. शिवणाच्या बाईंकडून फुलाफुलांच्या खोळी शिवून घेतल्या होत्या. खिडक्यांना पडदे, दाराला दोन कुलुपं. आल्यापासून एकालाही ओरखडा नव्हता.

मॅडमनी एक खोळ उचलली. आत वाकून पाहिलं.

"नवेकोरे दिसून राहिले."

"हो मॅडम."

"कोणीच हात नाही लावला?"

"बिलकुल नाही!"

"अरे बाप्पा!" त्या मटकन स्टुलावर बसल्या. "अजी, झाकलेल्या मागावर कोणी लुगडं विणते का, सबनीसबाबू?"

आठवडाभरात त्या खोळींच्या पिशव्या झाल्या. एक तर माझ्याच बायकोकडे भाजी आणायला आली. आणि ती दोन कुलुपं मॅडमनी माझ्या टेबलावर आणून ठेवली, कागद उडू नयेत म्हणून. सहा महिने मी त्यांच्यावर रुसून होतो. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, कारण त्यांना रुसवे-फुगवे पाहायला वेळच नव्हता.

उंचीनं बेताच्या, अंगावर कायम हातमागाची सुती साडी, पायात कापडी बूट. चालायच्या म्हणजे पळायच्याच. बोलताना उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी सारखी एकमेकांवर घासत राहायची, चिमटीत काही धरल्यासारखी. मला आधी वाटलं तपकिरीची सवय असेल. नंतर कळलं की त्या उमरेडच्या विणकराच्या घरातल्या. वडील मागावर, आई सुताच्या कांड्या भरायला, आणि तुटलेल्या धाग्याला गाठ मारायला ही पोरगी. गाठ मारता मारता ती बी.एड. झाली, पण बोटं काही थांबली नाहीत.

नवी वस्तू दिसली की त्यांचे डोळे असे काही चमकायचे की पाचवीतल्या पोरांनी मागे सरावं. "पाहा नं, पाहा नं, इकडे या नं सबनीसबाबू, हे मस्तच आहे!" मग ती वस्तू त्या स्वतः पहिल्यांदा बिघडवायच्या. हा त्यांचा नियमच होता. दुसऱ्याला हात लावायला सांगण्याआधी आपण चुकायचं, तेही चारचौघांत.

शिक्षकांची हजेरी मोबाइलवर चेहरा दाखवून करायची ठरली, तेव्हा सगळ्या स्टाफनं तोंड फिरवलं. मीही. हजेरीपत्रकावरची सही म्हणजे सही! मॅडम मात्र रोज सकाळी फाटकाशी उभ्या राहून, हेल्मेट काढून, केस सारखे करून मोबाइलपुढे असं तोंड धरायच्या की जणू फोटोग्राफरनं "हसा" म्हटलंय. हेल्मेटसकट करून पाहिलं, चष्म्याशिवाय करून पाहिलं, एकदा तर तोंडात पान धरून करून पाहिलं. "पाहा, पानासकट ओळखते," म्हणत आख्ख्या स्टाफरूमला फोन दाखवत फिरल्या. आठवड्यात सगळे शिक्षक फाटकाशी रांग लावून तोंडं दाखवायला लागले.

आता त्या फळ्याबद्दल. त्याची सुरुवात झाली ती वांग्यांपासून.

पालकांचे वर्गवार व्हॉट्सअ‍ॅप गट मॅडमनीच काढले होते. एका दुपारी सातवीच्या पालकांच्या गटावर त्यांच्या आवाजातला निरोप आला. मीही त्या गटात होतो, म्हणून ऐकला. "पिंके, वांगे आणून ठेव वं. मले उशीर होईन. तो सेक्रेटरी येऊन राहिला, त्याचं डोकं खाऊन झालं का निघते."

मुलीला पाठवायचा निरोप पालकांना गेला होता. मी ताडकन उठलो. पळत त्यांच्या खोलीत गेलो. "मॅडम, पुसून टाका, लवकर! अजून फार लोकांनी ऐकलं नसेल."

त्यांनी चष्मा लावला, निरोप ऐकला आणि पोट धरधरून हसल्या. मग पुसायचं सोडून उठल्या, शिपायाला हाक मारली आणि अडगळीत पडलेला एक जुना काळा फळा ऑफिसच्या बाहेर, भर व्हरांड्यात टांगायला लावला. त्यावर तीन रकाने आखले. काय तुटलं, कशानं तुटलं, गाठ कशी मारली. आणि पहिल्या ओळीत स्वतःच्या हातानं लिहिलं: "धकाते. घरचा निरोप पालकांच्या गटावर. चष्मा लावला नव्हता. आधी नाव वाचायचं, मग बोलायचं."

"मॅडम, पोरं वाचतील!" मी म्हणालो.

"वाचाले पाहिजे म्हणून तर लिहिलं." त्यांची बोटं चिमटीत फिरायला लागली. "आमचे बाबा मागावर बसायचे नं, धागा तुटला का जो पाहीन त्यानं वरडायचं, 'तुटला!' मग माग थांबायचा. कोणी कोणाले रागवायचं नाही. गाठ मारली का पुन्हा सुरू. पण एखाद्यानं तुटलेला धागा लपवला, अन् तसंच पुढं विणत गेला, तर गज-दोन गज लुगडं वाया. त्या दिवशी बाबा जेवायचे नाहीत. तुटणं गुन्हा नाही, सबनीसबाबू. लपवणं गुन्हा आहे."

संध्याकाळपर्यंत पालकांच्या गटावर एका आईचं उत्तर आलं: "मॅडम, वांगे आमच्या वावरातले पाठवते. सेक्रेटरीले सोडू नका." सेक्रेटरी म्हणजे आमच्या संस्थेचे सचिवसाहेब. ते त्या गटात नव्हते, हे आमचं नशीब.

तेव्हापासून शाळेत ही पद्धतच पडली. कोणाचं काही अडलं, पडदा गोठला, आवाज येईना, धडा उघडेना, की वर्गातून आरोळी यायची, "तुटलाऽऽ!" मग जो मोकळा असेल तो धावायचा. कधी शिक्षक, कधी आठवीतली पोरगी. आणि सुटीत फळ्यावर ओळ पडायची. बाहेरून येणाऱ्याला वाटायचं, इथं काय रोज तोडफोड चालते की काय! फळ्यावर जवळजवळ सगळ्या स्टाफची नावं येऊन गेली. माझं नाही. मॅडम येता-जाता विचारायच्या, "काहो सबनीसबाबू, तुमचं काहीच तुटत नाही का?" मी म्हणायचो, "मी जपून वापरतो, मॅडम." त्या नुसत्या हसायच्या.

या सगळ्या धामधुमीत आमच्या संस्थेला एका दानशूर माणसानं चार मोठे डिजिटल पॅनल दिले. भिंतीएवढा पडदा, बोटानं लिहायचं, बोटानं पुसायचं. मॅडमनी सचिवांचं डोकं खाऊन खाऊन ते चारही आमच्या शाळेत आणले होते. पण याच संस्थेची एक इंग्रजी शाळा आहे, दोन रस्ते सोडून. तिथल्या लोकांचाही त्या पॅनलवर डोळा होता. सचिवसाहेबांनी मॅडमना सरळ सांगितलं, "तुमच्या स्टाफला जमत नसेल तर उगाच अडवून ठेवू नका. दसरा झाला की मी येऊन बघतो. वर्गात नीट वापर दिसला तर ठीक, नाहीतर चारही पॅनल तिकडे जातील."

ते गेल्यावर मॅडम पॅनलपुढे जाऊन उभ्या राहिल्या. बोटं थांबली होती. मग म्हणाल्या, "पॅनल गेले नं सबनीसबाबू, तर पुढच्या वर्षी पाचवीत येणारे पोट्टे त्यायच्या मागंमागं जातील. मायबाप म्हणतील, मराठी शाळेत काय आहे? हे काचेचे पाट नाहीत, हे आपले वर्ग आहेत."

आता वर्ग वाचवायचे तर सगळ्यांनी शिकायला हवं. आणि सगळ्यांमध्ये देवतळे सर होते.

देवतळे सर गणिताचे. हातात खडू घेऊन, फळ्याकडे न बघता, एका फटक्यात वर्तुळ काढायचे. कर्कटक ठेवून तपासावं तर केसाचा फरक नाही. पोरं टाळ्या वाजवायची. असा माणूस पॅनलजवळ मात्र फिरकेना. फळ्यावर त्यांची ओळ यावी म्हणून मॅडम वाट बघत होत्या, ती येईना. एकदा त्या सातवीच्या वर्गावरून जात होत्या तर आत पॅनल चालू होतं आणि त्याच्यावर सरांनी महाराष्ट्राचा कापडी नकाशा टांगला होता. शेजारी, जुन्या फळ्यावर खडूनं, लघुतम साधारण विभाज्य चाललं होतं!

मॅडम रागावल्या नाहीत. तास संपल्यावर आत गेल्या. नकाशा गुंडाळला.

"सर, तुमचं ते वर्तुळ इथं काढून दाखवा नं."

"मी खडूनं काढतो नं मॅडम, मग बोटानं काहून?"

"मले पाहाचं आहे."

सरांनी तर्जनी टेकवली आणि फिरवली. पडद्यावर सुंदर वर्तुळ उमटलं. आणि पुढच्याच क्षणी ते आपोआप थोडंसं हललं आणि गोल झालं. आधी गोल होतंच, पण पॅनलच्या हिशेबानं आणखी गोल झालं. वेड्यावाकड्या आकृत्या सुधारायची त्यात सोय असते म्हणे.

देवतळे सरांचा चेहरा लाल झाला. "हे माझं वर्तुळ दुरुस्त करून राहिलं? माझं? तीस वर्षांत कोणाची हिंमत नाही झाली!"

मी तोंडावर रुमाल धरला. मॅडम मात्र गंभीर. त्या पॅनलच्या साऱ्या खिडक्या उघडत बंद करत बसल्या. अर्ध्या तासानं ती सोय सापडली, ती बंद केली आणि म्हणाल्या, "घ्या. आता सरांच्या वर्तुळाले हे हात लावणार नाही." सरांनी पुन्हा बोट फिरवलं. वर्तुळ जसंच्या तसं राहिलं. म्हातारा एवढा खूश झाला की त्यानं पाच-पंचवीस वर्तुळं काढून पडदा भरवला. दुसऱ्या दिवशी फळ्यावर त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात ओळ होती: "देवतळे. पॅनल नकाशानं झाकले. भीती. मॅडमनी गाठ मारून दिली."

ती ओळ वाचताना, खोटं कशाला बोलू, मला भरून आलं.

मग आली खंडेनवमी. विणकराच्या घरी या दिवशी मागाची पूजा होते. मॅडम म्हणाल्या, आपले माग हे पॅनल आहेत, यांची पूजा झालीच पाहिजे. एवढ्या वर्षांत आमचं दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं. मी झेंडूचे चार जाड हार आणले. चारही पॅनलना कुंकू लागलं, नारळ फुटले, मॅडमनी सातवीच्या पोरांना उमरेडच्या मागाची गोष्ट सांगितली. हार नीट राहावेत म्हणून मी ऑफिसातली चिकटपट्टी आणून ते चौकटीला पक्के चिकटवले. सांभाळणं रक्तातच ना!

दसऱ्याची सुटी संपली आणि शाळा उघडली त्याच सकाळी सचिवसाहेब दारात. मी घाईघाईनं वर्गावर्गांतून सुकलेले हार ओढून काढले आणि त्यांना सातवीत घेऊन गेलो. मॅडम मागच्या बाकाशी उभ्या राहिल्या. देवतळे सर नवा सदरा घालून पॅनलपुढे आले. पॅनल चालू झालं.

आणि पिसाळलं! धडा आपोआप उघडला, आपोआप मिटला. पडद्यावर कोणी नसताना रेघा उमटायला लागल्या. सरांनी वर्तुळ काढायला बोट टेकवलं तर पडद्यानं कॅल्क्युलेटर उघडून दिला. सर पुसायला गेले तर गाणं सुरू झालं. सचिवसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.

मी मॅडमजवळ सरकलो. "मॅडम, मेन स्विच बंद करतो. लाइट गेली म्हणून सांगू. तारीख पुढची मिळेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. चारही पॅनल, पुढच्या वर्षीची पाचवी, सगळं त्या एका क्षणाला टांगलेलं. आणि मी सांगतो, त्या हो म्हणाल्या असत्या तर मी त्यांना दोष दिला नसता. स्विच दहा पावलांवर होता. मी वळलोसुद्धा.

तेवढ्यात पुढून आवाज आला. खणखणीत, तीस वर्षं वर्ग गाजवलेला आवाज.

"तुटलाऽऽऽ!"

देवतळे सर! दोन्ही हात वर करून, सचिवसाहेबांसमोर, ओरडत होते.

मग जे झालं ते काय वर्णावं! आख्खा वर्ग खुर्च्या-बाकं सरकवून उठला. दोघांनी वायर तपासली, एकानं बंद करून पुन्हा चालू केलं, शेजारच्या वर्गातून ओरडा ऐकून विज्ञानाच्या बाई धावत आल्या. सचिवसाहेब भिंतीला चिकटले. "अरे, ये क्या हो रहा है?" म्हणत राहिले, पण त्यांच्याकडे बघायला कोणाला सवड! आणि मग चैताली नावाची एक बारकीशी पोरगी स्टुलावर चढली, चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात नाक खुपसून म्हणाली, "मॅडम, इथं काहीतरी अडकून आहे."

तिनं नखानं खरवडलं. तिच्या बोटाला चिकटपट्टीचा तुकडा आला आणि त्याच्याखाली झेंडूची सुकलेली पाकळी. त्या चौकटीतून म्हणे न दिसणारे किरण आडवे-उभे जातात. मध्ये बोट आलं की पॅनलला कळतं. ती पाकळी त्याला बोट वाटत होती. खंडेनवमीपासून झेंडू आमच्या पॅनलवर लिहीत होता!

पडदा एकदम शांत झाला. सरांनी वर्तुळ काढलं. पोरांनी टाळ्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं.

"हे फूल इथं लावलं कोणी?" सचिवसाहेबांनी विचारलं.

मॅडमनी चैतालीच्या बोटावरची चिकटपट्टी पाहिली. तसली पिवळी चिकटपट्टी शाळेत एकाच ठिकाणी असते, माझ्या खणात. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाकून एक सरकलेलं बाक सरळ करायला लागलो.

"मी लावलं," मॅडम म्हणाल्या. "पूजा माहीच होती."

सचिवसाहेबांनी पाकळी उलटसुलट करून पाहिली. मग व्हरांड्यात येऊन तो फळा वरपासून खालपर्यंत वाचला, वांग्यांच्या ओळीपासून. वांग्यांशी थोडे थबकले. म्हणाले, "तिकडे इंग्रजी शाळेत गेल्या वर्षी एक पॅनल बिघडलं. त्या खोलीला आजपर्यंत कुलूप आहे. मला कोणी सांगितलंसुद्धा नाही." जाताना मॅडमना म्हणाले, "तुमचे पॅनल राहू द्या. पण तुमची दोन-चार माणसं तिकडे पाठवा, त्यांनाही हे ओरडणं शिकवा."

"पाठवते नं!" मॅडम म्हणाल्या. "फक्त त्यायले सांगा, चाबी काढून ठेवा!"

ते गेल्यावर मॅडमनी व्हरांड्यात दोन गिरक्या घेतल्या. अठ्ठावन्नच्या उंबरठ्यावरच्या बाई, दोन गिरक्या! मग फळ्यावर लिहिलं: "धकाते. पॅनलला हार. हौस. फूल पायथ्याशी वाहायचं." मी शेजारीच उभा होतो. खडू त्यांनी क्षणभर माझ्यापुढे धरला, मग खिशात टाकावा तसा कमरेला खोचला आणि पळाल्या. मी आत जाऊन खणातली चिकटपट्टी आणखी आत सारली.

पुढच्या जूनमध्ये पाचवीचा वर्ग भरला. त्याच्या आदल्या महिन्याअखेर मॅडम निवृत्त झाल्या. सुट्यांचे दिवस, पण निरोपाला पोरं आली होती, पालक आले होते, वांगीवाली आई थैलीभर वांगी घेऊन आली होती. मॅडमनी भाषण केलं नाही. "बोलले का रडीन," एवढंच म्हणाल्या. शेवटी एकट्याच फाटकाशी गेल्या. मोबाइल काढला. शेवटच्या दिवशीची जाण्याची नोंद करायची राहिली होती. मी ऑफिसच्या दारातून बघत होतो.

त्यांनी तोंडापुढे फोन धरला. काही झालं नाही. हेल्मेट काढलं, केस सारखे केले, पुन्हा धरला. नाही. पानासकट ओळखणारा तो फोन त्या दिवशी ओळखेचना. तिसऱ्यांदाही नाही. मग त्या मागे वळल्या आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडल्या, "तुटलाऽऽऽ!"

सगळी शाळा धावली. मीही धावलो, ती आरोळी ऐकून पहिल्यांदाच. चैताली सगळ्यांत आधी पोचली. तिनं फोन पाहिला, मग मॅडमचं तोंड पाहिलं आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही रडून राहिल्या. डोळे पुसा नं, मग ओळखते ते."

मॅडमनी पदरानं तोंड पुसलं आणि फोन धरला. टिंग वाजलं. देवतळे सर जोरजोरात टाळ्या वाजवायला लागले आणि मग त्यांनाच चष्मा काढावा लागला.

स्कूटी चालू करून त्या निघाल्या, वांग्यांची थैली पायाशी. माझ्याजवळ येऊन थोड्या थांबल्या.

"सबनीसबाबू, ते चिकटपट्टीचं आता लिहून टाका. मी काही पाहाले येत नाही."

आणि उमरेड रोडच्या दिशेनं गेल्या. हँडल धरलेल्या हाताचा अंगठा तर्जनीवर फिरत होता, ते मला वळणापर्यंत दिसत राहिलं.

मी आत आलो. खडू उचलला. माझं नावच मला दोनदा पुसून पुन्हा लिहावं लागलं.